परी गेली, असं मी वाचलं

नदीच्या पात्रात सिनेमाचा तंबू लागायचा, तेव्हा त्यात मधोमध एक कनात असायची. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला आम्ही बायका. सिनेमा मुकाच होता. मुंबईला म्हणे तो बोलायला लागला होता, पण आमच्या नाशकात माणसं अजून नुसतेच ओठ हलवायची. मग पडद्यावर पाटी यायची, तिच्यावर त्यांचं बोलणं लिहिलेलं. पुरुषांच्या बाजूला एक जण उभा राहून पाट्या मोठ्यानं वाचायचा. आमच्याकडे पेटी-तबल्याच्या गोंगाटात त्याचं अक्षरही ऐकू यायचं नाही, आणि बायकांत वाचता येणारी म्हणजे मी एकटी.

मग मीच वाचायला लागले. नुसतं कशाला वाचू? राक्षस आला की घोगरा आवाज, सासू आली की माझ्या वणीच्या मावशीचा सूर.

"माझ्यावानी बोलती का गं?" मावशी चिमटा काढायची.

"सासूच तशी आहे, मी काय करू?"

त्या वर्षी परीचा खेळ आला. परी नदीवर आंघोळीला उतरते, एक माणूस तिचे पंख लपवतो आणि तिला घरी घेऊन येतो. तिला झाडायला सांगितलं तर केरसुणीच उडून आढ्याला चिकटली! पोरं खिदळत होती. चूल पेटेना, तेव्हा बायका पडद्याकडे बघून ओरडल्या, "अगं, फुंकणी उलटी धरलीस!" पण पुढं ती दळायला लागली, पाणी भरायला लागली, सगळ्यांच्या मागनं जेवायला लागली, तशा बायका गप्प झाल्या. माझी आई तर पापणी हलवत नव्हती.

शेवटी परीला धान्याच्या कणगीत पंख सापडले. पंख काखेत मारून ती उंबऱ्यावर उभी. नवरा हात जोडतोय. पाटी आली, "पतीचे घर हाच माझा स्वर्ग."

मी पाटी बघितली. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"काय म्हणती ती? बोल की लवकर!" मावशीनं ढोसलं.

मी परीच्या आवाजात म्हटलं, "पंख माझे आहेत. चालले मी."

आणि समाप्त. बायकांनी अशा टाळ्या पिटल्या की तंबूच्या दोऱ्या हलल्या.

त्या रात्री आमच्या आळीत घराघरात भांडण. पुरुष म्हणत, राहिली. बायका म्हणत, गेली, आम्ही कानानं ऐकलं. सकाळी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला पुढ्यात उभं केलं.

"कार्टे, पाटीवर काय लिहिलं होतं?"

"चुकीचं."

"वाचायला शिकवलं ते ह्यासाठी? आज तंबूत सगळ्यांसमोर खरं वाच आणि माफी माग. नाहीतर शाळा बंद!"

माझी सातवीच्या फायनलची परीक्षा तोंडावर आली होती. ती झाली की मला मास्तरीण व्हायचं होतं. आणि दादा बोलले की तसं करायचेच.

संध्याकाळी तंबूत मुंगी शिरायला जागा नव्हती. भांडणं सगळ्या पेठेत पोचली होती, प्रत्येकाला परीचं काय झालं ते बघायचं होतं. शेवटची पाटी आली. कनातीपलीकडून दादांचा खोकला ऐकू आला. मी उठले आणि अक्षर न् अक्षर खरं वाचलं. फक्त दादांच्या आवाजात. आधी घसा खाकरून, मग शब्दाशब्दाला थांबून, "पतीचे घर... हाच माझा... अं... स्वर्ग."

मावशी ओरडली, "अगं, हे तर दाजी बोलले! परी कुठं बोलली?"

बायका हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. पुरुषांच्या बाजूलाही कुणीतरी फिस्सकन हसलं.

"माफी माग!" दादा पलीकडून गरजले.

"नाही मागणार! लिहिणाऱ्यानं परीला विचारलं होतं का?"

"मग उद्यापासून शाळा बंद!"

मी तोंड तसंच वर ठेवलं. तेवढ्यात शेजारी आई उभी राहिली. चार माणसांत तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ती कनातीकडे तोंड करून म्हणाली, "शाळा बंद व्हायची नाही. पोरगी उद्या शाळेत जाईल."

तबलेवाल्याचा हात थांबला. पलीकडून दादांचा खोकला तेवढा आला.

घरी जाताना ते पुढं, आम्ही दोघी मागं. घाटाच्या पायऱ्या चढून वर आलो. मग दादा मागं न बघता म्हणाले, "पण ती गेल्यावर त्या माणसाचं जेवणाखाण्याचं कोण बघत असेल?"

"शिकेल की तो," आई म्हणाली.