पश्चात पत्नी, दोन मुले

रत्नमालानं आपल्या बापाला पाहिलं होतं म्हणतात. बहात्तरच्या दुष्काळात ती दोन वर्षांची होती, त्यामुळं या पाहण्याला आईखेरीज साक्षीदार नाही. तिच्या बापानं, भिकन मदन्यानं, बायको आणि लेकीला तेव्हाच्या औरंगाबादेबाहेर सरकारी रस्त्याच्या कामावर सोडलं आणि उरलीसुरली मेंढरं घेऊन तो घाटाखाली खानदेशाकडं निघाला. जाताना म्हाळसाबाईला म्हणाला, "हितंच ऱ्हाय. हलू नको. पाऊस पडला की येतो."

पाऊस पुढच्याच साली पडला. भिकन आला नाही आणि म्हाळसाबाई हलली नाही.

हे कौतुकानं ऐकायचं की कपाळावर हात मारून, ते ज्याचं त्यानं ठरवावं. सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन तिनं खडी फोडली. काम बंद पडलं तेव्हा शेजारच्या शेतात निंदायला लागली. त्या शेताचे प्लॉट पडले तेव्हा प्लॉटवरच्या नव्या भिंतींना पाणी मारायला लागली. जिथं कामावर असताना तिचं पाल ठोकलेलं होतं तिथून हाकेच्या अंतरावर तिनं अर्धा गुंठा घेतला आणि दोन खोल्या उभ्या केल्या. मग शहर चारी बाजूंनी चालून आलं, त्या सगळ्याला पुंडलिकनगर नाव पडलं, आणि शाळेतून येताना खुद्द रत्नमालाची गल्ली चुकायला लागली. पण मेंढरांमागं फिरलेल्या माणसाला वाट सापडतेच, याची म्हाळसाबाईला खात्री होती.

बारा वर्षं झाल्यावर भावकीतली माणसं आली. इतकी वर्षं माणूस परतला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याचे दिवस घालायचे, अशी रीत. म्हाळसाबाई दारात आडवी उभी राहिली. "जित्या माणसाचं दहावं घालता व्हय? उठा माझ्या दारातून." माणसं उठली ती कायमचीच. त्यानंतर भावकीतलं लग्न नाही, बारसं नाही, साधा निरोप नाही.

रत्नमालाच्या लग्नालाही हेच आडवं आलं. मुलगा चांगला होता, कारखान्यात होता, हसायचा बरा. गाडी अडली ती पत्रिकेवर. वधूपित्याच्या नावामागं 'श्री.' लावायचं की 'कै.'? 'श्री.' छापलं तर बाप मांडवात दिसला पाहिजे, असं मुलाकडच्यांचं म्हणणं. दिसत नसेल तर रीतसर दिवस घाला आणि 'कै.' छापा. म्हाळसाबाई म्हणाली, "त्याच्या नावामागं त्ये लावायचं तर माझ्या बी लावा." सोयरीक मोडली. पुढची एक तशीच मोडली. मग कुणी विचारायला आलं नाही, आणि रत्नमालानं पुढच्या खोलीत फॉल-पिकोचं मशीन टाकलं.

आता कुणी म्हणेल, निघून जायचं होतं. नाशकात तिची शाळेतली मैत्रीण ज्ञानेश्वरी खानावळ चालवत होती, कितीतरी वर्षं बोलवत होती. "ये गं, दोघी मिळून करू, आईला पण आण." आई काय येणार! "कुलूप बघून माघारी गेला तर?" हे एक वाक्य म्हाळसाबाईनं इतक्यांदा म्हटलं होतं की रत्नमालाला ते झोपेतही ऐकू यायचं. आईला एकटीला टाकून जाण्याइतकी ती निगरगट्ट नव्हती. आणि रडत बसण्याइतकी भाबडीही नव्हती. चाळिशी उलटल्यावर एकदा फॉल लावता लावता तिच्या मनात आलं, बाप मेल्याचं कळलं तर आपण सुटू. स्वतःचीच तिला लाज वाटली. पण दुसऱ्या दिवशी दुधाच्या दुकानातून तिनं पेपर मागून आणला आणि थेट निधनवार्तांचं पान उघडलं.

तेव्हापासून हा नेम झाला. लोक आधी राशिभविष्य बघतात, ही आधी मेलेली माणसं बघायची. अमुक यांचे वृद्धापकाळाने निधन, पश्चात पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा परिवार, ते तमुक यांचे वडील होत. मदने आडनाव दिसलं की मशीनवर कापड टाकायचं आणि एस.टी. धरायची. दहाव्याला कुणी कुणाला 'का आलात' म्हणत नाही, हे तिच्या लवकर ध्यानात आलं. नदीवर कावळा शिवेपर्यंत म्हातारी माणसं निवांत बसलेली असतात, आणि मेलेल्याचं बोलता बोलता सगळ्या घराण्याचं बोलतात. त्यांच्यात बसून ती हळूच विचारायची, भिकनचं काय झालं हो?

प्रत्येकाचा भिकन वेगळा. एकाच्या मते तो तापीच्या पुरात गेला, दुसऱ्याच्या मते गुजरातेत गबर झाला. अजिंठ्याच्या कचरू म्हाताऱ्यानं मात्र मागचं सांगितलं. तिचा आजा राघो निजामाच्या राज्यात डोंगरात मेंढरं चारायचा. चराईचा पैसा मागायला शिपाई आला तेव्हा त्यानं त्याला कळपातला मारका एडका राखायला दिला आणि स्वतः पसार झाला. रत्नमाला पोट धरून हसली. आजी, पणजी, चुलत चुलते, कोण कुठल्या रानात जन्मलं, कुणाची सोयरीक कुठल्या बाजारात ठरली, सगळं तिला तोंडपाठ झालं. ज्या भावकीनं तोंड फिरवलं, तिच्यातलं अख्खं घराणं तिच्या पदरात पडलं होतं. नव्हता तो एकटा बाप.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात तोही सापडला. त्या वर्षी धरणं आटली होती, शहरात नळ आठवड्यानं यायचा, आणि म्हाळसाबाई भांडी घासलेलं पाणीसुद्धा गाळून ठेवायची. सकाळी पेपरात चार ओळी होत्या. सोयगाव तालुक्यातील ज्येष्ठ मेंढपाळ भिकन राघो मदने यांचे निधन. पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.

'पत्नी' वाचून तिला क्षणभर बरंच वाटलं. आईला विसरले नाहीत, असं वाटलं. मग दोन मुले आली आणि मुलगी कुठंच नव्हती, तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. बाप गुजरातेत नव्हता, पुरात नव्हता. शहरातून चार-पाच तासांच्या एस.टी.वर तो आयुष्यभर मेंढरं चारत होता.

आईला काही न बोलता ती दहाव्याला गेली. गाडी अजिंठ्याचा घाट उतरली. तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. नीट खात्री करायची, घरी जाऊन आईला सांगायचं, रडू द्यायचं, आणि पावसाळ्याआधी दोघींनी नाशिक गाठायचं. बापाचा राग यायला हवा होता, पण तिला आधी सुटका दिसत होती.

पुरुष नदीवर गेले होते. अंगणात मांडवाखाली बाया बसल्या होत्या, मधे भिकनची बायको द्वारकाबाई, रिकाम्या कपाळाची. रत्नमाला तिच्याजवळ सरकली.

"लई कष्टाचा माणूस व्हता," द्वारकाबाई आपणहून सांगायला लागली. "त्या मोठ्या दुष्काळात आला तवा चार मेंढरं व्हती संगं. अन् दुखवटा. पयली बायको अन् तान्ही लेक, दोघी औरंगाबादेला खडीच्या कामावर पटकीनं गेल्या म्हणं."

रत्नमालानं विचारलं, "कुणी सांगितलं त्यास्नी?"

"कामावरून पळून आलेलं कुणीतरी. तिथली पालंच्या पालं बसली म्हणं."

"मग बघाया नाय गेले?"

"मेंढरं कुणावर टाकून जायाचं बाई?" द्वारकाबाईनं डोळे पुसले. "पर रीत नाय सोडली. दोघींचं बी दहावं केलं त्यानं. हितंच, ह्याच नदीवर. मंग वर्साच्या आत माझ्या बापानं मला दिली."

तिच्या बोलण्यात कपट नव्हतं, हेच वाईट होतं. रत्नमालाला किंचाळावंसं वाटलं, की मी ती लेक, मी जिवंत आहे, माझी आई कपाळभर कुंकू लावून अजून दाराकडं तोंड करून बसते. चव्वेचाळीस वर्षं म्हाळसाबाईनं या माणसाला मरू दिलं नव्हतं. त्यानं मात्र एका ऐकीव बोलण्यावर दोघींना वाटेला लावलं होतं, आणि परत फिरून बघितलंही नव्हतं.

"तुमी कोण म्हणायच्या?" द्वारकाबाईनं विचारलं.

"भावकीतलीच," रत्नमाला म्हणाली. पुरुष परतले, पानं वाढली, आणि बापाच्या दहाव्याचं जेवण ती खाली मान घालून जेवली.

परतीच्या गाडीत तिनं पुन्हा पुन्हा ताळा करून पाहिला. नुसतं 'मेला' एवढंच सांगितलं तर? तर म्हाळसाबाई विचारणार, कुठं, कधी, अग्नी कुणी दिला. काही झालं तरी सोयगावची गाडी धरणार. त्या अंगणात जाऊन बसणार, आणि द्वारकाबाई तिलाही तितक्याच मायेनं सांगणार की तुझं दहावं इथं झालं. खोटं सांगावं तर कुठलं? आईनं खोदून काढलं नाही असं खोटं आजवर झालं नव्हतं. फर्दापूर गेलं, सिल्लोड गेलं. शहराचे दिवे दिसायला लागले तसं रत्नमालाला कळून चुकलं की नाशिक गेलं. ज्या बातमीनं दार उघडायचं होतं, ती बातमीच तिला तोंडातून काढता येणार नव्हती. तिला बापाचा संताप आला, आईचा आला, आणि रडू मात्र कुणाच्याच नावानं येईना.

घरी पोचली तेव्हा म्हाळसाबाई उंबऱ्यात बसली होती. लेकीनं घरात पाऊल न टाकता बाहेरच चपला काढलेल्या बघून ती समजली.

"कोण गेलं?"

"भावकीतलं एक म्हातारं माणूस. सोयगावाकडचं."

म्हाळसाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. सुतक पाळायचं म्हटलं की तिला सगळं चोख लागायचं. जवळचं असेल तर दहा दिवस आणि भरपूर पाण्यानं न्हाणं, दूरचं असेल तर आंघोळीवर भागतं.

"जवळचं व्हतं का लांबचं?"

रत्नमालानं आईच्या कपाळाकडं पाहिलं.

"लांबचं."

"मंग तांब्याभर पुरं." म्हाळसाबाईनं रांजणातलं पाणी मोजून तांब्यात ओतलं आणि लेकीच्या हातात दिलं. "नळाला अजून चार दिस हायेत."

रत्नमाला मोरीत बसली आणि तो तांब्या तिनं डोक्यावरून ओतला. पाणी पाठीपर्यंतसुद्धा पोचलं नाही.