पाहुण्यांपुरता टेबल

आमच्या मालकांचं नाव बब्रुवान. कळंबात कुणालाबी 'टेबलवाले बब्रुवान' म्हणून विचारा, घरापातूर आणून सोडतील. ऐकणाऱ्याला वाटंल, सुतार असतील. कसले सुतार! घरातल्या बाजेचा पाय कधीपासनं डुगडुगतोय, त्याच्याखाली वीट सरकवून दिलीय. ह्या माणसानं जन्मात रंधा हातात धरला न्हाय. ह्यांचा धंदा येगळाच. ज्याच्या घरी पोरगी देणारे पाहुणे घर बघायला येणार, त्याच्या बैठकीत कॉम्प्युटरचा टेबल मांडून द्यायचा आन् पाहुणे चहा पिऊन गेले की उचलून आणायचा. हसू नका. ह्याच धंद्यावर आमची चूल पेटती.

पहिल्यापासनं असं नव्हतं. मी लग्न होऊन आले तवा ह्यांचा बसस्टँडच्या मागं कॉम्प्युटरचा क्लास होता. लोखंडी पायाचे, वर सनमायका मारलेले टेबल एका रांगेत. कीबोर्डला सरकणारा खण, खाली सीपीयूला कप्पा. पोरंपोरी सर्टिफिकिटासाठी यायची, "सर, सर" करायची, आन् हे खुर्चीत बसून फुगायचे. पुढं हातोहाती मोबाइल आले, मग लॉकडाऊन लागलं, क्लास बसला तो बसलाच. कॉम्प्युटरच्या पोटातलं सगळं काढून भंगारात घातलं. उरले रिकामे डबे, काळे स्क्रीन आन् टेबल. टेबल विकायचं नाव काढलं की हे त्याच्यावर हात ठेवून उभे राहायचे. "माझी इज्जत हाय ती, द्वारका," म्हणायचे. इज्जत ओसरीत धूळ खात पडली आन् तिच्यावर म्या कुरडया वाळू घातल्या.

मग गल्लीतल्या एकाच्या पोराला बघायला पाहुणे यायचं ठरलं. पोरगं शेती करणारं, पण मध्यस्थानं 'घरनंच कंपनीचं काम करतो' म्हणून ठोकून दिलेलं. हा मध्यस्थ म्हणजे गुंडाप्पा. आडतीवर बसतो. धान्याची पोती आन् लग्नाची पोरं एकाच तोंडानं खपवतो. तो पळत आला, "सर, एक टेबल द्या, उद्याच्यापुरता." ह्यांनी दिला. लग्न जमलं. मांडवात ह्यांना बोलवून फेटा बांधला. त्या फेट्याखाली जे डोकं फिरलं ते आजवर जाग्यावर आलं न्हाय.

आता तर ह्यांच्याकडं दोन परकार हायत. 'साधा सेट' म्हणजे एक टेबल, एक स्क्रीन. 'पुणे सेट' म्हणजे दोन स्क्रीन, फिरती खुर्ची, गळ्यात अडकवायचा हेडफोन आन् प्लॅस्टिकचं झाड. खुर्चीवरची प्लॅस्टिकची पिशवी काढायची न्हाय, नवी दिसती. टेबल बरोब्बर दारासमोर लावायचा. देवाच्या फोटोखाली लावायचा न्हाय, पाहुण्याची नजर देवाकडं जाती. वायरी मागं सोडून द्यायच्या, त्या कुणी मोजत न्हाय. एकदा एका आजीनं सीपीयूला हळदकुंकू लावून पुढं नारळ ठेवला, तर हे तिच्यावर खेकसले, "आजी, ही काय म्हसोबाची जागा हाय का?" पोराला शिकवायचं ते आणखी येगळं. "पाहुणे उंबऱ्यात आले की हेडफोन काढायचा, घड्याळ बघायचं आन् म्हणायचं, 'सॉरी, मीटिंग होती.' दुसरा चकार शब्द बोलायचा न्हाय. नांगरटीचा विषय निघाला तर खोकायला लागायचं."

एका वस्तीवर तर टेबल आदल्या दिवशीच नेऊन ओसरीत ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पाहुण्यातल्या मामानं सहज कीबोर्डचा खण ओढला, तर आत कोंबडीचं अंडं! सगळी बैठक गार पडली. हे हालले न्हाईत. "पोरगा ऑरगॅनिकवाल्या कंपनीचं बघतो," म्हणले. तेबी लग्न झालं! आता बोला.

मोनिका आमची एकुलती एक. शिकली, आता एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर पेशंटच्या नोंदी करती. तिला बापाच्या ह्या धंद्याची लई चीड. "पप्पा, ही फसवणूक हाय. त्या पोरी नांदायला जात्यात आन् टेबलाच्या जाग्यावर त्यांना कडबा रचलेला दिसतो. त्यांनी काय करायचं?" तर ह्यांचं उत्तर तयार. "मी कुणाशी खोटं बोललो? टेबल खरा हाय. खुर्ची खरी हाय. पोरगा कंपनीत हाय असं टेबल म्हणतो का? बघणारे आपल्या मनानं समजत्यात, त्याला मी काय करू?" आन् वर मिशीवरनं हात फिरवणार. मला वाटायचं, तो हेडफोन ह्यांच्याच गळ्याला आवळावा.

खरी गंमत तर पुढंच हाय. मोनिकाला स्थळं बघायला लागलो, तर ह्या माणसाला जावई कसा पाहिजे? टेबलावर काम करणारा! माकणीचं एक स्थळ आलं होतं. धरणाचं पाणी, बारमाही ऊस, पोरगं बोलायला सरळ, सुपारीचंसुदीक येसन न्हाय. मला लई आवडलं. हे मात्र चहा न घेताच माघारी वळले. का, तर बैठकीत टेबल दिसला न्हाय.

"अवो, टेबल तर तुमीच पुरवता की लोकाला!" म्या म्हणलं.

"म्हणूनच सांगतो. ज्याला एका दिवसापुरता टेबल मांडायचं सुचत न्हाय, तो संसार काय मांडणार?"

घ्या. ह्या डोक्याला आता काय म्हणावं? मी त्या दिवशी हात टेकले.

मग गुंडाप्पानं तामलवाडीचं स्थळ आणलं. "सर, ह्यात आपलं कायबी न्हाय, आईशप्पथ. पोरगा खराखुरा कंपनीत हाय, घरनंच काम करतो." मोनिका म्हणली, घर बघायला मीबी येणार. हे म्हणले, पोरीनं जायची रीत न्हाय. "टेबल भाड्यानं द्यायची तरी रीत कुठं होती?" म्हणली. हे सदऱ्याची बटणं लावायला लागले.

निघायच्या आधी पोरगी माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बसली. "आई, मलाबी कंटाळा आलाय गं ह्या बघाबघीचा. ह्या खेपेला पप्पा हो म्हणले तर मी करून टाकते. ते काय का करंनात, खरा कॉम्प्युटर कोणता आन् दाखवायचा कोणता, हे त्यांच्याइतकं जिल्ह्यात कुणाला कळत न्हाय. पोटच्या पोरीला तर खोटं सांगणार न्हाईत." म्या तिच्या तोंडाकडं बघतच बसले. बापावर एवढा भरवसा मला ह्या जन्मात ठेवता आला नसता.

तामलवाडीत गेलो. बैठकीत पाय टाकला आन् हे जागीच थबकले. तीन स्क्रीन, भिंतीतनं काढलेल्या लोखंडी हातांवर टांगलेले! टेबल बटणानं वर-खाली होणारा, कडेनं लाइटीची पट्टी, दोन्ही अंगाला स्टँडवर स्पीकर. आमचा 'पुणे सेट' त्याच्यापुढं अगदीच गरीब दिसला असता. "माल एक नंबर हाय," हे माझ्या कानात म्हणले.

पोरगा रणधीर उठून पाया पडला. म्या त्याचे हात बघितले. तळव्याला फावड्याचे घट्टे. पोरगं वाईट नव्हतं, मान खाली घालून बसलं होतं बिचारं. बोलत होती ती त्याची आई, प्रेमाबाई. "दिवसभर ह्यातच डोकं घालून असतो बघा. जेवायला हाक मारली तरी उठत न्हाय. अमेरिकावाले त्याला सोडतच न्हाईत."

हे उठले. टेबलाभोवती एक चक्कर मारली, कडेवरनं हात फिरवला, आन् खाली वाकून कप्प्यातल्या सीपीयूवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. मला बसल्या जागी ऐकू आलं. तेलाचा रिकामा डबा वाजतो तसा वाजला. ह्यांचं तोंड उतरलं. म्या मनात म्हणलं, बरं झालं बाई, कळलं एकदाचं.

तेवढ्यात गुंडाप्पा खाकरला. ह्यांनी त्याच्याकडं बघितलं, त्यानं ह्यांच्याकडं. मला काय समजायचं ते समजलं. ह्यांनी हा टेबल खोटा म्हणलं की गुंडाप्पा तोंड उघडणार, आन् मग आमचे टेबल कुणाकुणाच्या घरी गेले होते ते भर बैठकीत निघणार. उद्या त्या सगळ्या पोरींचे बाप आमच्या दारात. हे गपचिप येऊन जाग्यावर बसले आन् पोह्याची बशी उचलली.

मोनिका उठली. "फोनची चार्जिंग संपलीय. इथं लावू का?" म्हणून टेबलामागं वाकली. भिंतीला बोर्डच नव्हता. सगळ्या वायरी गोळा करून रबर लावून ठेवलेल्या, प्लग तसेच लोंबकळत.

"बोर्ड आत स्वयंपाकघरात हाय गं," प्रेमाबाई म्हणली.

"मग हे कशावर चालतं?"

रणधीरनं मान वर केली. "ते खरं म्हणजे..." एवढंच म्हणला, तवर आईनं डोळे वटारले आन् पोरगं परत जमिनीकडं बघायला लागलं.

मोनिका बापाकडं वळली. आवाज चढवला न्हाय. "पप्पा, तुम्ही सांगा. तुम्हाला ह्यातलं कळतं. हे खरं हाय का?"

माझा सगळा जीव कानात गोळा झाला. म्हणलं, बोला. एकदा तरी बोला. लोक दारात आले तर येऊ द्यात, शिव्या दिल्या तर मी खाईन. पोरीनं सगळा जन्म तुमच्या एका शब्दावर ठेवलाय, अवो, बोला!

ह्यांनी चमचा बशीत ठेवला. माझ्याकडं बघितलं न्हाय, पोरीकडंबी न्हाय.

"खरं हाय," म्हणले. "एक नंबर हाय."

मोनिका वाकली. कप्प्यातला सीपीयू एका हातानं उचलला, भाजीची पिशवी उचलावी तसा, आन् बापाच्या मांडीवर ठेवला. हे तो डबा दोन्ही हातांनी धरून बसले. खाली ठेवावा का तसाच धरावा, तेबी सुचंना. रणधीरनं तोंड फिरवलं. पोरगी चपला घालून बाहेर पडलीसुदीक. मी तिच्या मागं उठले, आन् दारातनं गुंडाप्पाला म्हणलं, "खाकर आता, किती खाकरायचं तेवढं खाकर."

आम्ही रस्त्याला येऊन उभ्या राहिलो. मोनिका रडली न्हाय. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तुळजापूरची एसटी आली, आम्ही चढलो, तवर हे धापा टाकत आले आन् आमच्या मागच्या बाकड्यावर बसले. मागनं सुरूच. "मोनू, ऐक की. अगं, मला काय कळलं न्हाय का? लोकात बोलता येत न्हाय सगळं. घरी जाऊन 'न्हाय जमत' म्हणून कळवलं असतं म्या." पोरगी खिडकीतनं बाहेर बघत राहिली.

कंडक्टर आला. "कुठं?"

"तुळजापूर."

"किती?"

"दोन," मोनिका म्हणली.

कंडक्टरनं मागच्या बाकड्याकडं बघितलं. हे आमच्या खांद्यावरनं पुढं वाकलेले, पोरीच्या कानाशी तोंड नेऊन बोलायलेत. "आन् हे? तुमच्यासंगं हायत न्हवं?"

मोनिकानं मान वळवली न्हाय. मग मीच बोलले.

"त्यांनाच विचारा की, भाऊ. खरं काय ते सगळ्यात चांगलं त्यांनाच सांगता येतं."