छप्पर कापायची करवत

खरेदी समितीचं काम माझ्याकडे आलं ते मानानं नव्हे. आमच्या सहकारी जिनिंगच्या निवडणुकीत मला भरघोस मतं पडली होती. अध्यक्ष मीच होणार असं सगळे धरून चालले होते. ऐन वेळी संचालकांनी एका घरंदाज माणसाच्या गळ्यात माळ घातली आणि मला समिती दिली. माझा बाप उसाच्या फडात कोयता चालवायचा. मी भंगार गोळा करता करता इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान उभं केलं. खुर्ची घरंदाजांना आणि घासाघीस याला, अशी ती वाटणी होती. ती सल अजून गेलेली नाही, आणि मी ती लपवतही नाही. पण पुढं जे झालं त्याचं खापर तिच्यावर फोडून मला मोकळं होता येत नाही.

त्या वर्षी माजलगावच्या धरणात गाळ तेवढा उरला होता. जिनिंगचा आगीचा बंबसुद्धा पाणीवाटपाला जुंपलेला असे. आठवड्यातले बरेच दिवस तो चकलांब्याकडच्या गावांना प्यायचं पाणी पोचवायचा आणि उरलेले दिवस अर्ध्या टाकीनिशी आमच्या फाटकात उभा राहायचा. बंबावर चार माणसं होती. त्यांच्या प्रमुखाला सगळे मिस्त्री म्हणत. बसस्टँडमागच्या गल्लीत त्याच्या बापाचं गॅरेज होतं. सकाळी तिथं फवारणीचे पंप आणि इंजिनं दुरुस्त करून तो दुपारी आमच्याकडे कामावर यायचा. स्वतःच्या खर्चानं पुण्याला जाऊन आग विझवायचं शिक्षण घेऊन आलेला आमच्याकडचा तो एकटाच.

मिस्त्रीनं एक मागणी केली होती. आमचं कापसाचं मोठं गोडाऊन निजामाच्या काळातलं. सागवानी वासे, वाशांवर फळ्या, फळ्यांवर खिळे ठोकून बसवलेला पत्रा. मिस्त्रीचं म्हणणं असं, की असल्या बंद गोडाऊनला आग लागली की धूर आणि उष्णता छपराखाली कोंडते. आत गेलेल्या माणसाला स्वतःचा हात दिसत नाही, पाणी कुठं मारायचं ते कळत नाही आणि सगळं पाणी वाया जातं. अशा वेळी वर चढून, आगीच्या बरोबर माथ्यावर, छपराला चौकोनी भोक पाडायचं. धूर वरून निघून गेला की खालच्याला दिसायला लागतं, आणि मग अर्धी टाकीसुद्धा पुरते. त्यासाठी त्याला पेट्रोलवर चालणारी, साखळीची करवत हवी होती, आणि तिला पोलादाहून कठीण अशा कार्बाइडच्या दातांची साखळी. पात्याला एक आडपट्टीही हवी होती, म्हणजे करवत ठरल्यापेक्षा खोल जाणार नाही आणि खालचा वासा कापला जाणार नाही.

करवतीला माझी ना नव्हती. कार्बाइड म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. साध्या साखळीच्या कितीतरी पट तिची किंमत. तरुणपणी एका व्यापाऱ्यानं मला ‘स्पेशल’ म्हणून पिस्टन रिंगा गळ्यात मारल्या होत्या, त्या गिऱ्हाइकांनी माझ्या तोंडावर परत फेकल्या. तेव्हापासून ‘स्पेशल’ शब्द ऐकला की मला समोरचा लबाड वाटतो. मी विक्रेत्याला निरोप धाडला की दोन्ही साखळ्या घेऊन ये, काय ते सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे.

आमच्याकडे हत्यार पारखायचं तर बाभळीवर. गाडीचा आख बाभळीचा, औताचा दांडा बाभळीचा, तिच्याइतकं चिवट दुसरं काही नाही असं आम्ही लहानपणापासून मानत आलेलो. मी वाळलेल्या बाभळीचं एक जाड खोड आवारात आणून टाकलं. अध्यक्ष आले, संचालक आले, कापूस घेऊन आलेले शेतकरी गाड्यांवरून उतरून भोवती उभे राहिले. आधी साधी साखळी लावली. ती लोण्यातून सुरी जावी तशी खोडातून गेली, पांढरा भुसा लांबवर उडाला. मग कार्बाइडची. तीही गेली, पण रेंगाळत, कुरकुरत. डोळ्यांना दिसेल एवढा फरक होता.

लोक हसले. मी विक्रेत्याला विचारलं, हिची धार गेली तर कानस चालेल का? तो म्हणाला, नाही, तिला हिऱ्याचं चाक लागतं, त्यासाठी औरंगाबादला पाठवावी लागेल. लोक आणखी मोठ्यानं हसले. मला पाहिजे होतं ते सगळं माझ्या हातात आलं होतं. जी हळू कापते, जिला गावात धार लागत नाही, ती मी महागात का घ्यावी?

मिस्त्री पुढं आला. हळू आवाजात म्हणाला, “शेठ, आपल्याला लाकूड न्हाई कापायचं. पत्रा हाय, खिळे हायत. साधा दात पहिल्या खिळ्याला बसतो. ही पत्र्यावर लावून बघा ना एकडाव.”

तो म्हणत होता ते सोपं होतं. आवारात जुना पत्रा पडलेला होता, खिळे तर हवे तितके. पाच मिनिटांचं काम. पण सगळे बघत होते, अध्यक्ष बघत होते, आणि मी जिंकलेलो होतो. मी म्हणालो, “पुण्याला चार दिवस जाऊन आला तर मला शिकवतो का बे? बाभळीला जे जमलं न्हाई ते पत्र्याला जमंल व्हय?”

तो मागं सरला. त्याच संध्याकाळी मी विक्रेत्याला घासून घासून करवतीबरोबर साध्या साखळ्यांचा एक अख्खा डबा पदरात पाडून घेतला. एक बोथट झाली की दुसरी लावा. आडपट्टी कार्बाइडच्याच संचात येत होती, तीही सोडून दिली. अध्यक्षांनी बैठकीत माझं कौतुक केलं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच. घरी जाऊन मी ते बायकोला दोनदा सांगितलं.

होळी होऊन गेल्यावर एका दुपारी गोडाऊन पेटलं. ठिणगी कुठून पडली ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी पोचलो तेव्हा दारातून काळा धूर बाहेर लोटत होता. पथकातले दोघं पाण्याची नळी घेऊन आत शिरलेले, आणि मिस्त्री शिडी लावून छपरावर. चौथा माणूस शिडीवर अर्ध्यात, करवत वर देत होता.

पहिली साखळी पत्र्यात हातभर गेली आणि किंचाळायला लागली. खालून ठिणग्या दिसत होत्या. मग ती नुसतीच पत्र्यावर घासू लागली. मिस्त्रीनं बसून साखळी बदलली. दुसरी तेवढीही गेली नाही. त्यानं पुन्हा बदलली. त्याच्या पायाखालचा पत्रा तापलेला होता, तो एकदा हा पाय उचलत होता, एकदा तो. आतले दोघं खोकत बाहेर येत होते, श्वास घेऊन परत आत जात होते. त्यांना काही दिसत नव्हतं. टाकीतलं पाणी संपत चाललं होतं.

आणि मी खाली उभा राहून ओरडत होतो. माझ्याच आणलेल्या साखळ्या एकामागून एक निकामी होत असलेल्या मला दिसत होत्या. असं का होतंय ते मला कळलं होतं. पहिल्या साखळीलाच कळलं होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, “अरे नेट लाव! करवत चालवता येत न्हाई का बे तुला?”

आवारातल्या शंभर माणसांनी ते ऐकलं.

मिस्त्रीनं खाली उतरायला हवं होतं. तो उतरला नाही, कारण आत त्याची दोन माणसं होती. त्यानं करवत बाजूला टाकली, कुऱ्हाड मागवली आणि घाव घालायला लागला. भोक पडलं. धुराचा लोट वर गेला, आतल्यांना दिसलं, उरलेल्या पाण्यात त्यांनी आग आवरली. पण कुऱ्हाडीच्या घावांनी त्याच्या पायाखालची जुनी फळी मोडली, आणि त्याचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा तो गुडघ्याखाली मोडलेला होता आणि भाजलेलाही.

त्यानंतर चौकशी समिती नेमली. तिघांच्या त्या समितीत खरेदीवाला म्हणून मीही होतो. खुर्चीत बसून मी एकेक साक्ष ऐकली. हमाल, वजनकाटेवाला, कापूस विकायला आलेले शेतकरी. मिस्त्री तेव्हा दवाखान्यात होता. कार्बाइडबद्दल कुणीच बोललं नाही. सगळे एकच सांगत होते, की मिस्त्रीला करवत चालवता येत नव्हती. एकाला विचारलं, तुला कसं कळलं? तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, “तात्याच तर वरडत व्हते. त्यांना यंत्रातलं कळतं.”

माझं वाक्य माझ्यासमोर साक्षीला येत होतं. मी मान खाली घालून कागदावर रेघोट्या ओढत होतो. शेवटी दुसऱ्या सभासदानं मला विचारलं, साखळ्यांत काही दोष होता का? मी म्हणालो, “साखळ्या नव्या होत्या.” ते खरंही होतं. अहवालात लिहिलं गेलं की यंत्र हाताळण्यात प्रमुखाकडून कसूर झाली. मी सही केली. मिस्त्रीला कामावरून कमी केलं.

पायाचं पुढं कळत गेलं. तो बरा झाला, पण चालताना ओढावा लागतो. मला त्याहून मोठं काही कळलं ते माझ्या दुकानात. माझ्याकडून सुटे भाग नेणारी गिऱ्हाइकं मिस्त्रीकडे जाईनाशी झाली होती. मी एकाला विचारलं तर तो म्हणाला, “त्याला करवत जमली न्हाई म्हणं. माझं इंजिन कावून द्यू त्याच्याकडं?” हातांवर जगणाऱ्या माणसाचे हातच मी बदनाम केले होते. एका पायावर उभं राहून त्याला गॅरेज चालवता आलं असतं. या नावावर चालवता येत नव्हतं.

वर्षभर मी स्वतःला समजावत राहिलो. सह्या तिघांच्या होत्या. कौतुक अध्यक्षांनी केलं होतं. बाभळीभोवती हसणारे तेच लोक आता मिस्त्रीवर हसत होते, मग एकट्या माझ्याच जिवाला घोर का? हा राग मी बरेच दिवस पाळला. पण बसस्टँडवरून जाताना मी मिस्त्रीच्या गल्लीच्या बाजूचा रस्ता टाळायचो, त्यावरून मला माझं कळत होतं.

वार्षिक सभेत मी उठलो. कुणाला विचारून नाही. म्हणालो, कार्बाइडची साखळी मिस्त्रीनं मागितली होती, मी नाकारली. पत्र्यावर लावून बघायला सांगत होता, मी ऐकलं नाही. आगीच्या दिवशी ओरडलो ते माझं पाप झाकायला ओरडलो. अध्यक्ष मला बसा, बसा म्हणत होते. आता हे काढून काय उपयोग, असंही म्हणाले. तेव्हा माझा तोल गेला, मी टेबलावर हात आपटला, काय काय बोललो. कसुरीचा शेरा काढेपर्यंत मी खाली बसलो नाही. शेरा निघाला. पथकासाठी कार्बाइडच्या साखळ्या घ्यायचं ठरलं. मला खरेदी समितीतून काढलं, ते योग्यच होतं, तरी तेव्हा मला राग आला.

दुसऱ्या दिवशी मी ठरावाची नक्कल घेऊन गॅरेजात गेलो. मिस्त्री स्टुलावर बसून एक कार्ब्युरेटर पुसत होता. दुसरं काम समोर दिसत नव्हतं. त्यानं कागद घेतला, पूर्ण वाचला, घडी घालून मला परत दिला.

“शेठ, हा कागद कोण वाचणार?” तो म्हणाला. “तुमी बोललात ते आवारात बोललात. सगळ्या बाजारानं ऐकलं.”

मी विचारलं, मग काय करू?

“बाजाराच्या दिवशी येऊन बसा इथं. इचारलं कुणी तर सांगा. न इचारलं तरी सांगा.”

मला आधी संताप आला. माझं दुकान, माझं वय, मी याच्या गॅरेजच्या दारात बसायचं? मी निघून आलो. घरी बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, की त्यानं पैसे मागितले असते तर तुम्हाला सोपं गेलं असतं.

बाजाराच्या दिवशी मी गेलो. मिस्त्रीनं एक पेटी पालथी घालून मला जागा करून दिली, चहा मागवला, आणि आपल्या कामाला लागला. लोक मला बघून थबकत, रामराम करत, पुढं जात. मीही नुसता रामराम करत राहिलो. मग फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला एक शेतकरी आला. मला ओळखत होता. दाराशी उभा राहून पंप खाली ठेवावा की न ठेवावा, अशा विचारात होता.

मी उभा राहिलो. म्हणालो, “आगीच्या दिवशी करवत चालली न्हाई, ती चूक माझी होती. साखळी मी चुकीची आणलती. मिस्त्रीचा हात बरोबर होता.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मिस्त्रीकडे वळून म्हणाला, “ते तुमचं तुमी बघा. ह्याचं प्रेशर धरत न्हाई, आज मिळंल का ते सांगा.”

मिस्त्रीनं हात पुढं केला. पंप त्याच्यापर्यंत आणायला शेतकऱ्यालाच दोन पावलं पुढं यावं लागलं, कारण मिस्त्रीला पटकन उठता येत नव्हतं. त्यानं झाकण उघडलं, आतला वॉशर बोटावर घेतला आणि म्हणाला, “तासाभरानं या.” मी पुन्हा पेटीवर बसलो. गल्लीत अजून बरेच लोक यायचे होते.