शुक्रवारी कार्ड बघायला गेलो

मंडळी, आज मी तासभर एका स्टुलावर बसून होते आणि माझी नात तन्वी माझ्याशी बोलत नव्हती.

झालं असं, तिच्या कॉम्प्युटरवर गेम अडकतात, म्हणून ग्राफिक्स कार्ड बदलायचं आहे. शिकवण्या घेऊन वर्षभर पैसे साठवलेत पोरीने. तेवढ्या पैशांत नवं घेतलं तर छोटं येतं, वापरलेलं मोठं येतं. विठ्ठलवाडीला एकाकडे मोठं होतं, म्हणून ठाकुर्लीहून दोघी गेलो.

तर लाईट नाही. शुक्रवार ना, आमच्या भागात दुरुस्तीसाठी शुक्रवारी जातेच.

तो म्हणाला, "घरी लावून बघा ना मावशी, मक्खन चालतंय. चारला कळव्याचं गिऱ्हाईक येतंय, मग मिळणार नाही."

तन्वी माझ्या कानात म्हणाली, "आजी, घेऊया ना गं. हातचं जाईल."

मी म्हटलं, "मिक्सरसुद्धा मी दुकानात फिरवून बघते. लाईट येईपर्यंत बसते."

पावणेचारला लाईट आली. त्याने कार्ड लावलं, गेम सुरू झाला. तन्वीने माझ्याकडे असं बघितलं की मलाच वाटलं, उगाच ताटकळवलं पोरीला. पाचच मिनिटांत पडद्यावर हिरव्या रेघा आल्या आणि सगळं काळं झालं.

"लाईटचा प्रॉब्लेम असेल," तो म्हणाला. डोक्यावर पंखा तर मस्त फिरत होता.

जिना उतरताना तन्वीने माझा हात धरला, तो रिक्षापर्यंत सोडला नाही. मी तेवढ्यानेच खूश आहे.

आता तुम्ही सांगा, छोटं पण नवं घ्यावं, की अजून एखादं वापरलेलं बघावं? कोणाकडे वापरलेलं असेल तर शुक्रवार सोडून बोलवा, मीपण येणार आहे.