गुहेतली काजळी, घरातला डाग

बायको गेल्यापासून मुलाला वाटतं, मला हिंडवून आणलं की बरं वाटेल. म्हणून शुक्रवारची सुट्टी आली की गाडीत घालतो. एरवी किल्ला नाहीतर मॉल. या खेपेला डोंगरातली गुहा निघाली. सून, नात, थर्मास आणि मी, सगळे वर चढलो. माझ्या गुडघ्यांनी मला वाटभर शिव्या घातल्या.

गुहा म्हणजे डोंगराला पडलेलं भोक. कुणी खोदलेलं नाही, आपोआप झालेलं. पण हजारो वर्षांपूर्वी माणसं तिथं राहायची, असं वाटाड्या सांगत होता. तो सांगणार इंग्रजीत, मग नात मला सांगणार तिच्या अडखळत्या मराठीत. "आजोबा, ते लोक इकडे फायर करायचे." म्हणजे चूल. छताला काजळी धरलेली. एका बाजूचा दगड पाठी टेकून टेकून गुळगुळीत झालेला. त्याच्यापुढं दोरी बांधलेली, हात लावायचा नाही. सून एकदम हळू बोलायला लागली, देवळात बोलतात तशी. मुलानं त्या काजळीचे जेवढे फोटो काढले तेवढे आमच्या लग्नातसुद्धा कुणी काढले नव्हते.

"किती जपून ठेवलंय ना," सून म्हणाली.

शाळा माझी चौथीपर्यंत, जन्म गेला इथं आखातात, मवालेहच्या बाजारात कांदे विकण्यात. पण चूल पेटवली की वर काळं होतं, हे कळायला मला डोंगर चढावा लागत नाही.

खरा घोळ घरी होता. दार्सैतचा आमचा फ्लॅट जुना. अर्बाब, म्हणजे घरमालक, बऱ्याच विनवण्यांनंतर रंग लावून द्यायला तयार झाला होता आणि दुसऱ्याच दिवशी रंगारी येणार होता. हॉलमध्ये खिडकीजवळच्या भिंतीवर तेलाचा एक डाग आहे. बायको तिथं जमिनीवर बसून भाजी निवडायची आणि दमली की डोकं मागं टेकायची. केसांना रोज खोबरेल. तिच्या साड्या वाटून झाल्या, औषधं फेकून झाली, पोळपाटसुद्धा नवा आला. उरला हा डाग. गाडीत सून म्हणाली, "बाबा, उद्या तो डाग जाईल एकदाचा." वाईट मनानं नाही म्हणाली.

सकाळी उठून गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं कपाटाच्या कडीला. आत डाग. रंगारी बादली घेऊन उभाच राहिला. मुलाला वाटलं, म्हातारा कामातून गेला.

"बाबा, हे काय नाटक? लोक हसतील."

"काल गुहेत तू हसलास?"

"ते हजारो वर्षांपूर्वीचं आहे."

"मग थांब हजार वर्षं. त्या गुहेतली माणसं तुझी कोण लागत होती रे? ही तुझी आई होती."

तो वाकून दोरीखालून आत गेला आणि भिंतीला टेकून बसला. उंच आहे, डोकं डागाच्या बरंच वर गेलं. मग घसरत घसरत खाली आला, डोकं डागावर येईपर्यंत.

"एवढीशी होती आई?" म्हणाला.

मग उठला, रंगाऱ्याकडून चिकटपट्टी घेतली आणि डागाच्या चारी बाजूंनी स्वतः लावली. वाकडीतिकडी. रंगाऱ्याला हिंदीत सांगितलं, इतकं सोडून दे. त्याला काय, काम कमी झालं. यल्ला, म्हणजे चला, म्हणाला आणि बाकीच्या भिंतीला भिडला.

आता घर पांढरंशुभ्र, मध्ये पिवळट चौकोन. पाहुणे विचारतात. सून सांगते, ओल आलीय. या देशात वर्षातून जेमतेम दोनदा पाऊस पडतो, तोही पडला की लोक शाळा बंद ठेवतात, आणि हिच्या भिंतीला ओल. पाहुणेही मान डोलावतात.

सांगू दे. मी शेजारी खुर्ची टाकून बसतो. टेकत मात्र नाही. तिच्या डागात माझ्या टकलाची भर नको.