बाजरीच्या कडेचा राळा

‘राळा गेला, बियाणं बुडालं’ अशी पत्रकं वाटत मी गावभर चिडून फिरत होते. राळ्यासारखं जुनं भरडधान्य पेरता का, असं विचारलेला प्रत्येक शेतकरी म्हणाला होता, “आता कोण पेरतंय?” आणि सखूकाकूंच्या बाजरीत, मुरमाड कडेला, राळ्याची केसाळ पिवळी कणसं डुलताना दिसली.

“काकू, काका तर नाही म्हणाले!”

“त्यांना काय ठावं? मी पेरते. भोगीला भात कशाचा घालू, तुझ्या कागदांचा?”

संक्रांतीच्या आदल्या एका दिवसाच्या राळ्याच्या भातासाठी दरवर्षी चार ओळी! बाई असून मीसुद्धा शेतकरी म्हणून फक्त पुरुषांनाच विचारत सुटले होते. लाज वाटली, पण जीव भांड्यात पडला. बोलता बोलता काकूंनी भरदार कणसं खुडून पदरात वेगळी ठेवली, पुढच्या पेरणीसाठी.