सहाव्या पटावरचं नाव

एवाल्ड ब्रिंकमायरला नियम मोडलेला खपत नसे, मग तो शेजाऱ्याने मोडलेला असो की देवाने. चाळीस वर्षं त्याने रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढली. तिथे लाल म्हणजे लाल. निवृत्त झाल्यावर हा खाक्या घरी चालेना, कारण घरी त्याची बायको इल्झ होती. मग त्याने तो सगळा बुद्धिबळाच्या क्लबात आणून ओतला. नीडरहाइडच्या पहिल्या संघाचा तो एकवीस वर्षं कर्णधार होता. कर्णधार म्हणजे काही सर्वांत तरबेज खेळाडू नव्हे. संघात त्याचा नंबर आठवा, म्हणजे शेवटचा. पण हॉलची किल्ली त्याच्याकडे, घड्याळांच्या बॅटऱ्या त्याच्याकडे, आणि प्रत्येक सामन्याआधी आठ नावांची यादी लिहायची तीही त्यानेच.

जूनच्या सभेत माल्टेने विषय काढलाच. माल्टे पहिल्या पटावर खेळायचा, म्हणजे संघातला सर्वांत तरबेज. पोरगा सव्वीस वर्षांचा, हुशार, पण जिभेला हाड नाही.

"एवाल्ड, तू त्र्याहत्तरचा झालास. आता दुसऱ्या कुणाला तरी करू दे ना."

क्लबात सगळ्यांची एकमेकांशी अरे-तुरेच असते, वयाला तिथे कुणी भीक घालत नाही. एवाल्ड लालबुंद झाला. "एकवीस वर्षांत एक चूक दाखव माझी. एक! ज्या दिवशी माझ्या हातून यादी चुकेल, त्या दिवशी पेन खाली ठेवीन. मग कर तुला काय करायचं ते."

"बोललास हं," माल्टे म्हणाला. सभेने मान डोलावली आणि सगळे बिअरकडे वळले.

त्या वर्षी संघ पहिल्यांदाच वरच्या गटात चढला होता. एवाल्डने उन्हाळ्यातच खेळाडूंची क्रमवारी बुद्धिबळ मंडळाकडे पाठवून दिली. हा क्रम एकदा गेला की वर्षभर हलत नाही. मधला कुणी आला नाही तर खालचे एकेक पट वर सरकतात आणि शेवटच्या पटावर राखीव खेळाडू बसतो. सहाव्या क्रमांकावर कोनराड वेसेलबुर्ग होता. सुतार माणूस. एकतीस वर्षांत एक सामना चुकवला नव्हता. मुलीचं लग्न होतं त्या दिवशीही सकाळी डाव उरकून चर्चमध्ये गेला होता. बाहेरगावचे सामने असले की तो आणि एवाल्ड एकाच गाडीतून जात आणि कुठला रस्ता घ्यायचा यावरून भांडत.

सप्टेंबरच्या नऊ तारखेला कोनराड कार्यशाळेत खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. अंत्यविधीला एवाल्डने पुष्पचक्र उचललं, कोनराडच्या बायकोला घरी सोडलं, सगळं रीतसर केलं. पण त्यानंतर कुणी विचारलं की म्हणायचा, "कोनराड सध्या नाहीये." इल्झने दोन-तीनदा त्याच्याकडे पाहिलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी हंगामाचे पहिले दोन सामने होते, शनिवारचा घरच्या हॉलमध्ये आणि रविवारचा बाहेरगावी. राखीव म्हणून डोरोथेया टिम हिला बोलावलं होतं. ती वृद्धाश्रमात परिचारिका होती. दुसऱ्या संघातून सहा वर्षं खेळून आता कुठे तिला पहिल्या संघात जागा मिळत होती. दोन दिवस मोकळे मिळावेत म्हणून तिने नाताळची पाळी अंगावर घेतली होती. अर्ध्या क्लबाला ते ठाऊक होतं, कारण तिने स्वतःच चारचौघांत सांगितलं होतं.

शनिवारी दुपारी हॉल एवाल्डच्या मनासारखा लागला होता. आठ पट, आठ घड्याळं, खिडकीशी कॉफीचे दोन मोठे थर्मास, आलुबुखारचा केक आणि कच्च्या खिम्याचे पाव. पाहुण्यांचा कर्णधार र्युडिगर आला, हस्तांदोलन झालं, दोघे दोन टोकांना बसले आणि आपापली यादी लिहू लागले. एवाल्डला यादी लिहायला डोकं लागतच नसे. आठ नावं त्याच्या हातातूनच उतरत. त्याने सही केली, र्युडिगरने केली, कागदांची अदलाबदल झाली. त्यानंतर खाडाखोड नाही, हे एवाल्डनेच दरवर्षी सगळ्यांना बजावून सांगितलेलं.

मग यजमान कर्णधाराच्या मानाने तो उभा राहिला आणि जोड्या वाचू लागला. पहिला पट, माल्टे. दुसरा, तिसरा. लोक आपापल्या खुर्च्यांकडे सरकत होते.

"सहावा पट. कोनराड वेसेलबुर्ग विरुद्ध..."

हॉलमध्ये चमचा कपावर आपटायचा थांबला. डोरोथेया आठव्या पटाच्या खुर्चीमागे उभी होती. तिने आधी एवाल्डकडे पाहिलं आणि मग त्याच्या हातातल्या कागदाकडे. त्या कागदावर तिचं नाव कुठेच नव्हतं.

र्युडिगर भला माणूस. तो लगेच जवळ आला आणि हळूच म्हणाला, "एवाल्ड, खोड आणि नीट लिही. आम्ही कुणी काही पाहिलं नाही."

आता इथे कुणाही शहाण्या माणसाने पेन उचललं असतं. पण एवाल्डची मान आयुष्यात कधी वाकलेली नव्हती, ती नेमकी आज कशी वाकणार! गेल्याच वर्षी एका संघाने असंच चुकीचं नाव लिहिलं, तेव्हा ह्याच गृहस्थाने नियमपुस्तकाचं पान उघडून दाखवलं होतं आणि गुण घेतला होता.

"सह्या झाल्या आहेत," तो म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

"अरे पण..."

"घड्याळं सुरू करा."

सहाव्या पटावर पांढऱ्या सोंगट्या, म्हणजे पहिली चाल, कोनराडची, म्हणून घड्याळही कोनराडचं सुरू झालं. अर्धा तास वाट पाहायची आणि मग डाव गेला असं लिहायचं. त्या पटावरचा पाहुणा जाडजूड, मिशाळ. तो हॉलभर हिंडू शकला असता, केक खाऊ शकला असता. पण तो रिकाम्या खुर्चीसमोर हात जुळवून अर्धा तास बसून राहिला. कोनराडशी तो सात वेळा खेळला होता. अर्ध्या तासाने एवाल्डने आपल्या पटावरून उठून तक्त्यावर कोनराडच्या नावापुढे लिहिलं: गैरहजर. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. जिवंतपणी ज्याच्यावर कुणी बोट ठेवलं नाही, त्याला मेल्यावर आपण डाग लावला, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं.

सामना साडेतीन-साडेचार असा गेला. एका गुणाने, आणि तो गुण कुठला हे सांगायला नकोच.

पाहुणे गेल्यावर माल्टे पट गोळा करत होता. जूनमधलं बोलणं काढायची हीच वेळ होती, पण तो प्यादी मोजत राहिला. एवाल्डनेच फाइल आणून टेबलावर ठेवली, वर पेन ठेवलं. "मी बोललो होतो. आता तुम्ही बघा."

डोरोथेया स्वयंपाकघरातून आली. दुपारभर तिने कपबश्या धुतल्या होत्या, न धुवायच्या त्याही.

"वा रे वा," ती म्हणाली. "म्हणजे तू आता रुबाबात घरी जाणार. आणि मी?"

"डोरोथेया, माझी चूक झाली."

"चूक? ती मला समजते. माझ्याकडे एक आजी रोज संध्याकाळी नवऱ्याचं ताट मांडते. तिला मी कधी रागावले नाही. पण र्युडिगर खोड म्हणत होता, तेव्हा तू नाही म्हणालास. ती चूक नव्हती एवाल्ड, तो तुझा ताठा होता. नाताळ गहाण टाकून आले मी. एक प्यादं हलवलं नाही आज!"

एवाल्डने मान खाली घातली.

"उद्या सकाळी साडेआठला मला घ्यायला ये," ती म्हणाली. "यादी तूच लिहायची. माझ्यादेखत."

माल्टे घसा साफ करून म्हणाला, "हो, मलाही तेच वाटतं." आणि पुन्हा प्यादी मोजायला लागला.

रविवारी गाडीत एवाल्डच्या शेजारच्या सीटवर डोरोथेया बसली. रस्त्यावरून ती भांडली नाही. फक्त एकदा ती म्हणाली, "असं पडेल तोंड नको करूस. गाडी चालव."

यजमान कर्णधार फोल्कमार दारातच भेटला. जुनी ओळख, मोठा आवाज. "काय रे एवाल्ड! आणि तुझं शेपूट कुठाय? कोनराड गाडी लावतोय का?"

डोरोथेया मागेच उभी होती. ती सावरून घेऊ शकली असती, पण तिने तोंड उघडलं नाही.

"कोनराड वारला," एवाल्ड म्हणाला. "सप्टेंबरच्या नऊ तारखेला." शब्द बाहेर पडले आणि त्र्याहत्तर वर्षांचा तो खमक्या म्हातारा कोट-टोप्यांच्या खुंट्यांशी उभा राहून ढसाढसा रडला. फोल्कमारने त्याचा हात धरून ठेवला. मागून येणारे दोन खेळाडू दारातच थांबले.

मग एवाल्डने नाक पुसलं आणि यादी लिहायला बसला. डोरोथेया खांद्यामागे उभी राहिली. पाच नावं सरळ गेली. सहाव्या पटापाशी पेन थांबलं. त्याने सातव्याला सहावर घेतलं, स्वतःला सातवर घेतलं आणि आठवर मोठ्या, सुट्या अक्षरांत तिचं नाव लिहिलं. सही करायच्या आधी ते तिला दाखवलं.

दोघं शेजारी-शेजारी बसले. एवाल्डचा डाव दोन तासांत बरोबरीत सुटला. तिचा चालूच होता. ती छान खेळत होती, मग जरा जास्तच छान खेळायला गेली, घोडा आत घुसवला आणि तो तिथेच अडकला. एवाल्डला ते तीन चाली आधी दिसलं होतं. कर्णधाराला बोलायची मुभा नसते, म्हणून तो खिशात मुठी आवळून उभा राहिला. एकेचाळिसाव्या चालीला तिने राजा आडवा केला आणि समोरच्याशी हात मिळवला. सामना चार-चार असा सुटला, म्हणजे बरोबरीचा एक गुण, नव्या गटातला संघाचा पहिलाच. माल्टेने निकालाचा कागद विचार न करताच एवाल्डकडे सरकवला.

एवाल्ड आठव्या ओळीशी अडखळला. "वाईट वाटलं गं," तो म्हणाला. "पहिलाच डाव, आणि शून्य लिहायचं."

"लिही की," डोरोथेया म्हणाली. तिचे गाल अजून लाल होते आणि ती चक्क हसत होती. "नीट लिही. हरले ना, पण मी स्वतः खेळून हरले."